दोन दांड्यांचं गिरमिट

मित्रांनो, तुम्ही मला ओळखणार नाही. मी पेट्रोलवर चालणारं एक गिरमिट आहे. आता जुनं झालेलं, गंजलेलं आणि कायमचं बंद पडलेलं. सुताराचं गिरमिट लाकडाला भोक पाडतं, मी जमिनीला पाडायचो. वर इंजिन, खाली कमरेएवढं पिळाचं पातं आणि दोन्ही बाजूंना धरायला लांब दांडे. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. एकट्यानं मला चालवायचं नाही, असं माझ्या टाकीखाली लिहिलेलंच होतं. ते कुणी वाचलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं आणि पहिल्याच पावसाळ्यात चिखलाखाली गेलं.

यंत्राला जीव नसतो म्हणतात. नसेल बुवा. पण मग इतकी वर्षं माझ्या आत जे कुढत बसलं आहे ते काय, हे कुणीतरी मला सांगावं. आधीच सांगून ठेवतो, माझी गोष्ट हसायची नाही. ज्यांना गंमत हवी असेल त्यांनी खुशाल उठून खेळायला जावं, मी रागावणार नाही.

माझा जन्म फार लांब, एका थंड मुलखात झाला. तिथली तळी हिवाळ्यात वरून गोठतात, इतकी की माणसं त्यांच्यावरून चालत जातात. त्या बर्फाला भोक पाडायचं, भोकातून गळ सोडायचा आणि स्टुलावर बसून माशाची वाट पाहायची, ही तिथल्या लोकांची हौस. त्यासाठी आमच्या कारखान्यात लहान, हलकी, एका माणसाची गिरमिटं बनत. मातीत खांब रोवायचे असले की त्याला माझ्यासारखी थोराड, दोघांची. रंग मात्र सगळ्यांना एकच, नारिंगी.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरात किल्लारीकडे भूकंप झाला आणि जगभरातून मदत निघाली. कांबळी आली, तंबू आले, औषधं आली. एका परदेशी संस्थेनं शेड उभारायच्या सामानात आम्हालाही भरलं, मला आणि माझ्याबरोबर एका बर्फाच्या धाकट्याला. मला पाठवलं ते ठीकच. पण त्याला मराठवाड्यात कशाला पाठवलं, देव जाणे. बर्फ म्हणजे काय ते तिकडं फक्त गोळेवाल्याला ठाऊक. घाईत भरणाऱ्यानं दोन्हीवर गिरमिट असं वाचलं असेल आणि पेटी बंद केली असेल. पुढे संस्थेचं काम आटोपलं, माणसं परत गेली आणि उरलेलं सामान नांदेडच्या एका पंप-इंजिनाच्या दुकानात आलं. आम्ही दोघं तिथं शेजारी शेजारी धूळ खात बसलो. शहाण्णव सालच्या संक्रांतीनंतर एके सकाळी तिथं माझी निवड झाली.

निवडायला तिघं आले होते. थोरले संगप्पा, त्यांचा धाकटा भाऊ राजशेखर आणि संगप्पांची बायको गौरम्मा. किल्लारीपासून दोन कोसांवरच्या गावची ही माणसं. भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर पडलं आणि त्याखाली दोघा भावांची आई गेली. आता गावाला माळावर नवी घरं मिळाली होती, वर स्लॅबची. पण त्या स्लॅबखाली झोपायला माणूस तयार होईना. सामान घरात आणि माणसं बाहेर, अशी तऱ्हा. जो तो घराशेजारी पत्र्याचं शेड घालायचा आणि त्यात झोपायचा, कारण पत्रा पडला तरी जीव जात नाही. शेडला खांब लागतात, खांबाला खड्डे लागतात. ते खड्डे दोघे भाऊ पहारीनं खणून देत. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली दगड. दोघांच्या तळहाताची सालटी निघाली होती.

दुकानदार शरदचंद्र भला माणूस होता. त्यानं माल खपवायची घाई केली नाही. आधी विचारलं, माती कसली, खड्डा किती रुंद पाहिजे, आणि मशीन धरणार कोण. मग आम्हा दोघांना पुढं ओढून एकेकाचे गुणदोष सांगितले. धाकटं हलकं, पेट्रोल कमी पितं, एकट्याला झेपतं. त्याचं पातं बर्फाचं आहे, ते मातीत दोन दिवसांत बोथट होईल, पण लेथवाल्याकडून मातीचं पातं बसवून घेता येईल. खड्डा अरुंद पडेल, उरलेला पहारीनं वाढवा. थोरलं म्हणजे मी. ताकद दांडगी, एका दमात रुंद खड्डा. पण वजन फार, आणि दगडात अडकलं तर हिसका देतं, म्हणून दोन माणसं पाहिजेतच. त्याचं मत विचाराल तर धाकटं न्यावं.

धाकट्याबरोबर एक चित्र होतं, बर्फावर स्टूल टाकून बसलेल्या माणसाचं. गौरम्मांनी ते बघितलं आणि पदराआड हसल्या. एका माशासाठी एवढं मशीन, त्यापेक्षा उपाशी राहिलेलं बरं, म्हणाल्या. मग त्यांनी धाकट्याला दोन्ही हातांनी उचलून पाहिलं.

"हे मला बी उचलतंय," त्या म्हणाल्या. "हेच घ्या."

"तुला कुठं खड्डे खांदायचेत?" संगप्पा म्हणाले. "आमी दोघं भाऊ हाव. दोघांचंच मशीन पायजे."

शरदचंद्र म्हणाला, माणसाचं काही सांगता येत नाही, एकट्याला चालवता आलेलं बरं. तेव्हा संगप्पा माझ्या दांड्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "घर पडलं, आई गेली. आता भाऊ बी जाईल म्हणता का?"

दुकानदारानं मला टेम्पोत चढवून दिलं. मी काय फुगलो म्हणता! दहा जणांत उठून दिसावं तसं मला वाटलं. धाकट्याकडे मी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अक्कल नसलेल्या वयात आपली निवड झाली की असंच होतं.

पुढची आठ वर्षं माझी सोन्याची होती. माझी चालवायची एक रीत होती, ती नीट ऐका. रेस द्यायची मूठ माझ्या एकाच दांड्यावर होती. मूठ आवळली की मी फिरायचो, सोडली की थांबायचो. ती बाजू राजशेखरची. संगप्पांच्या बाजूला नुसता दांडा. त्यांचं काम मला घट्ट धरून ठेवायचं. संगप्पा म्हणायचे, "धर." राजशेखर म्हणायचा, "धरलं अण्णा." हे दोन शब्द झाल्याशिवाय मी कधी फिरलो नाही. खाली पात्याला दगड लागला की राजशेखर मूठ सोडायचा आणि त्याच क्षणी संगप्पा दांडा आवळायचे. एकानं सोडायचं, दुसऱ्यानं आवळायचं. इतक्या वर्षांत माझ्या हिसक्यानं कुणाच्या अंगाला ओरखडासुद्धा आला नाही.

माळावरच्या गावांतली अर्धी शेडं माझ्या खड्ड्यांत उभी आहेत. पुढं कीर्ती वाढली तशी लोहा, बिलोलीपर्यंत बोलावणी आली. कुठं कुंपण, कुठं लग्नाचा मांडव, कुठं शाळेपुढची झाडं. म्हातारी माणसं खड्ड्यात काठी घालून खोली बघायची आणि लई नामी मशीन हाय म्हणायची. खांडेनवमीला गौरम्मा मला धुऊन पुसून टाकीवर विभूतीचे तीन पट्टे ओढायच्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं कामही त्यांचंच. त्यासाठी त्यांनी चहाचा एक कानतुटका कप वेगळा ठेवला होता आणि त्याला घरात कुणी हात लावायचा नाही.

घरात एक पोरगीही होती, शिवानी. राजशेखरची मुलगी. तिची आई बाळंतपणातच गेली होती, म्हणून तिला गौरम्मांनीच वाढवलं. गौरम्मांना स्वतःचं मूल नव्हतं. शिवानी त्यांना मोठी आई म्हणायची. माझ्या दांड्यावर दप्तर अडकवून ती पाढे म्हणायची आणि चुकली की मीच गप्प राहायचो, दुसरं काय करणार? हुशार होती. शाळेतले गुरुजी घरी येऊन सांगून गेले, हिला लातूरला पाठवा.

तेव्हा लातूर नुसतं उसळलं होतं. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात खोल्या, खोल्याखोल्यांत लांबून आलेली पोरं. लोह्याची, हदगावची, कुठकुठली. एखाद्या पोराबरोबर त्याची आई यायची, एखाद्याबरोबर आजी, आणि दोन वर्षं स्टोव्हवर भाकरी भाजून त्याला डॉक्टर करायची. निकाल लागला की क्लासवाले चौकाचौकात बोर्ड लावायचे, पुरुषभर उंचीचे, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो छापून. बोर्डाला खांब लागतात. खड्डे पाडायला आम्हीच जायचो. खड्डा झाला, खांब उभा राहिला, बोर्ड चढला की राजशेखर माझ्या दांड्याला टेकून त्या फोटोंकडे बघत उभा राहायचा. संगप्पा टेम्पोत बसून हाका मारायचे. त्याला ऐकू जात नसे असं नाही, पण पाय निघत नसे.

दोन हजार चार साली राजशेखर शिवानीला घेऊन लातूरला गेला. सोळा वर्षांची पोर, तिला एकटी कशी ठेवायची? त्यानं खोली केली आणि क्लासातच शिपायाची नोकरी धरली. दोन वर्षांत परत येतो, असं त्यानं भावाला सांगितलं. संगप्पांनी नाही म्हटलं नाही. उलट ज्वारीचं पोतं स्वतः पाठीवर घालून एस.टी.त चढवलं. पण परत आल्यावर ते जेवले नाहीत, हे गौरम्मांनी शेजारणीला सांगताना मी ऐकलं.

त्या दोन वर्षांत मला काम नव्हतं असं नाही. बोलावणी येत होती. माणसंही मिळत होती. पण संगप्पांनी दुसऱ्या कुणाच्या हातात राजशेखरचा दांडा दिला नाही. पुन्हा पहार घेतली आणि एकट्यानं खड्डे खणायला लागले. लोक हसायचे. घरात एवढं मशीन असून हा बाबा माती उकरतोय. मला वाईट वाटायचं, पण खरं सांगू का, थोडं बरंही वाटायचं. माझ्यासाठी कुणीतरी जागा राखून ठेवली आहे असं वाटायचं.

सहा सालच्या जूनमध्ये निकाल लागला. शिवानीला डॉक्टरीचा नंबर लागला. क्लासनं सत्कार ठरवला आणि शिवानीचा एकटीचा बोर्ड दारापुढं लावायचं ठरलं. राजशेखरनं गावी निरोप धाडला, सगळ्यांनी या. बोर्डाच्या खड्ड्यांची फिकीर करू नका, माणसं लावू, पहारीनं खांदतील.

संगप्पांना हे पटलं नाही. आपल्या पोरीचा बोर्ड आणि खड्डा परक्यानं पाडायचा? त्यांनी मला दोन वर्षांनी शेडातून बाहेर काढलं, साफ केलं, गौरम्मांनी कपानं ऑइल घातलं आणि सकाळी अकराला आम्ही टेम्पोनं लातुरात क्लासच्या दारात हजर झालो. संगप्पा धुतलेलं धोतर नेसले होते. त्यांच्या मनात एवढंच होतं की आज दोघा भावांनी दोन दांडे धरायचे.

वर सभागृहात सत्कार सुरू झाला होता. राजशेखर व्यासपीठावर, गळ्यात हार. संगप्पांनी निरोप पाठवला, खाली ये, मशीन आणलंय. उत्तर आलं, आलोच. अर्धा तास गेला. दुसरा निरोप गेला. उत्तर आलं, भाषण चालू आहे, आत्ता उठता येत नाही. संगप्पा वर गेले नाहीत. मातीचे पाय घेऊन त्या फरशीवर जायला ते लाजले असावेत. ते माझ्याजवळ उन्हात उभे राहिले. एक वाजला, मग दीड. बोर्ड चढवणारी माणसं कुरकुरायला लागली.

तेव्हा गौरम्मांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "सरा, मी धरते."

आता ऐका काय झालं ते. अडाणीपणा नव्हता, प्रेमच होतं, आणि त्यानंच घात केला. संगप्पांनी बायकोला आपली नेहमीची बाजू दिली, नुसत्या दांड्याची, कारण ती सोपी. रेसची मूठ स्वतःकडे घेतली. आयुष्यात पहिल्यांदा. धर म्हणाले, गौरम्मा धरलं म्हणाल्या आणि मी फिरायला लागलो. हातभर माती छान निघाली. खाली जुन्या पाडलेल्या भिंतीचा पाया होता, तो कुणालाच ठाऊक नव्हता. माझं पातं दगडात अडकलं. राजशेखर असता तर त्यानं मूठ सोडली असती. संगप्पांच्या हाताला आठ वर्षांची एकच सवय, दगड लागला की आवळायचं. त्यांनी आवळलं. पातं हलेना, तेव्हा मीच गरकन फिरलो. माझा दांडा गौरम्मांच्या डाव्या हातावर बसला.

हाड मोडल्याचा आवाज इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू आला. त्या खाली बसल्या आणि दुसऱ्या हातानं मोडका हात मांडीवर उचलून ठेवला. संगप्पांची मूठ कुणीतरी ओढून सोडवली तेव्हा मी थांबलो. मित्रांनो, मी कुणाला मारायला जन्मलो नव्हतो. पण मारलं मीच.

राजशेखर धावत खाली आला तेव्हा हार त्याच्या गळ्यातच होता. त्याच टेम्पोत गौरम्मांना दवाखान्यात नेलं. मी टेम्पोतच होतो. दवाखान्याच्या दारात, माझ्याशेजारी उभे राहून दोघे भाऊ जे बोलले ते मी ऐकलं, आणि ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

"दोनदा निरोप धाडला," संगप्पा म्हणाले. "खाली उतरायला किती वेळ लागतोय रे?"

"अण्णा, क्लासच्या साहेबांनी हात धरून बसवलं होतं. आन् मी आधीच म्हणलो होतो, माणसं लावू."

"तुझ्याच पोरीचा बोर्ड होता."

"म्हणून तर वर बसलो होतो," राजशेखर म्हणाला, आणि रडायला लागला.

संगप्पा रडले नाहीत. आता पुन्हा माझ्या दारात येऊ नको, असं म्हणाले आणि आत निघून गेले. ते रागात बोलले, हे मलासुद्धा कळत होतं. खरा राग त्यांचा स्वतःच्या मुठीवर होता. पण स्वतःच्या मुठीला दार बंद करता येत नाही, म्हणून भावाला केलं.

शिवानी आठ दिवस मोठ्या आईच्या उशाशी बसून होती. तिला भरवत होती, तिची वेणी घालत होती. दोघा भावांना तिनं हात जोडले, तरी काही निघालं नाही. मग तिचं कॉलेज सुरू झालं आणि तीही गेली. गौरम्मांचा हात जुळला, पण वाकडाच. भाकरी थापायला त्यांना एकाच हातानं शिकावं लागलं.

मला शेडाच्या कोपऱ्यात पोत्याखाली ठेवलं. दहा वर्षं. उंदरांनी वायर कुरतडली, नारिंगी रंग सोलून गेला. राजशेखर बसवजयंतीला दोनदा आला. तो पुढच्या दारानं आला की संगप्पा मागच्या दारानं रानात जायचे. गौरम्मा चहा करायच्या, तो चहा पिऊन राजशेखर तासभर बसायचा, रिकाम्या बाजेकडे बघायचा आणि शेवटच्या गाडीच्या आधीच निघायचा. तिसऱ्या वर्षी तो आला नाही.

संगप्पा कुणाशी बोलत नसत, पण माझ्याकडे यायचे. दुपारी, गौरम्मांचा डोळा लागला की. पोतं बाजूला करायचे आणि रेसची मूठ हातात घ्यायचे. आवळायचे, सोडायचे. आवळायचे, सोडायचे. पहिल्यांदा मला कळेना हे काय चाललंय. मग कळलं. ते सोडायचा सराव करत होते. घरात एक वाकडा हात भाकरी थापतोय आणि हा माणूस पोत्याशेजारी बसून मूठ सोडायला शिकतोय. मला काही बोलता येत असतं तर मी म्हणालो असतो, संगप्पा, पुरे करा. चुकलं ते चुकलं.

आणखी एक गोष्ट ते करायचे, ती मात्र मला आवडायची नाही. माझ्या टाकीत त्या दिवशीचं पेट्रोल तसंच होतं. ठेवणीतल्या यंत्राची टाकी रिकामी करून ठेवायची असते. नाहीतर पेट्रोल उडतं आणि मागं चिकट गाळ राहतो, तो आत बारीक भोकांत जाऊन बसतो. गौरम्मांनी हे त्यांना दोन-तीनदा सांगितलं. संगप्पा नुसतं असू दे म्हणायचे. उलट पेट्रोल कमी झालं की वरून पुन्हा ओतायचे. म्हातारा हट्टाला पेटलाय असं मला वाटायचं. माझा जीव आतल्या आत गुदमरत होता आणि हे वरून ओतताहेत. मी त्यांच्यावर मनातल्या मनात खूप चिडलो, तेही कबूल करतो.

सोळा साली पाणी संपलं. लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. एप्रिलमध्ये काळ्या रानाला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्यातच एके सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता संगप्पा खाली बसले आणि पुन्हा उठले नाहीत.

दहाच्या सुमाराला राजशेखर आला. केस पांढरे झाले होते. तो आत गेला, भावाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. आमच्या लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून माती देतात. त्यासाठी खोल, चौकोनी खड्डा लागतो. रानात माणसं खड्डा खणत होती, पण जमीन दगड झालेली. पहार मारली की टणकन उडायची. बारा वाजले तरी गुडघाभरही खोली झाली नव्हती. कुणीतरी म्हणालं, आधी चार कोपऱ्यांत गिरमिटानं भोकं पाडली तर माती फुटेल.

राजशेखर उठला आणि थेट शेडात आला. पोतं काढलं. माझ्यावर हात फिरवला. मला एकट्यानं उचलणं कुणाला जमलेलं नाही, पण त्या दिवशी त्यानं दांडा खांद्यावर घेऊन मला फरफटत रानापर्यंत नेलं. कुरतडलेली वायर जोडली, प्लग पुसला, वरून ताजं पेट्रोल घातलं. मला कोपऱ्यावर उभं केलं आणि इकडंतिकडं बघितलं. समोरचा दांडा धरायला कुणी पुढं येईना. दहा वर्षांपूर्वीचा तो हात सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता.

बायकांच्या घोळक्यातून गौरम्मा उठून आल्या. आपल्या धन्याच्या जागी उभ्या राहिल्या. धडक्या हातानं दांडा धरला, वाकडा हात वर ठेवला.

"धरलं, भावजी," त्या म्हणाल्या.

राजशेखरनं इंजिन चालू करायची रशी ओढली. मित्रांनो, मी आजवर कशासाठी एवढा जीव लावला नव्हता. मला फिरायचं होतं. चार भोकं, फक्त चार. मग मोडून पडलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या आत गाळ डिंकासारखा घट्ट बसला होता, थेंबभर पेट्रोल पुढं सरकेना. त्यानं दहा वेळा ओढली, वीस वेळा ओढली. कपाळाचा घाम माझ्या टाकीवर पडत होता. पुढच्या हिसक्याला रशीच तुटून त्याच्या हातात आली.

"टाकी रिकामी करून ठिवायची असती," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "अण्णाला एवढं बी कळलं न्हाई का?"

"कळत होतं त्यांला," गौरम्मा म्हणाल्या. "राजा कोनत्या बी दिवशी येईल, आल्या आल्या चालू झालं पायजे, म्हणायचे. म्हणून भरून ठिवायचे."

राजशेखर खालीच बसला. रशीचा तुकडा त्याच्या मुठीतच होता. अंत्यविधीला आलेले जंगमस्वामी, गावकरी, सगळे तोंडं वळवून उभे राहिले. मग तो उठला, एकाच्या हातातली पहार घेतली आणि खड्ड्यात उतरला. बाकीच्यांना त्यानं बाहेर काढलं. दिवस मावळेपर्यंत तो एकटाच खणत होता. बेलपानं आणि विभूती वाहून संगप्पांना बसवून माती दिली तेव्हा त्याच्या तळहातांचं रक्त मातीला लागलं होतं.

मी तिथंच बांधावर पडून राहिलो. मला न्यायला पुन्हा कुणी आलं नाही. पुढच्या पावसाळ्यात माझ्या इंजिनात पाणी गेलं आणि उरलंसुरलंही संपलं. आता मला दुरुस्त करू नका, मला नको आहे. दहा वर्षं मी त्या माणसावर चिडत होतो आणि तो मला आपल्या भावासाठी तयार ठेवत होता. आणि नेमक्या त्या एका दिवशी मी त्याच्या कामी आलो नाही. हे घेऊन चालू होण्यात काही अर्थ नाही.

तुम्ही लहान आहात, तुमच्या घरात अजून चालती यंत्रं असतील. ठेवून देताना त्यांची टाकी रिकामी करा, पातं पुसून तेल लावा, एवढं माझं ऐका. आणि कुणाशी बोलणं बंद असेल, तो येईल म्हणून सगळं तयार ठेवून वाट बघत असाल, तर बघत बसू नका. उठा आणि त्याच्या दारात जा. संगप्पांनी दहा वर्षं माझी टाकी भरली, पण आमच्या गावाहून लातूरला दर तासाला एस.टी. होती.